सहा बटणांचा हिशेब : दिव्यांग भावासाठी घेतलेल्या नियोजन सेवेचे परीक्षण

माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा असून त्याला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्रावर ७५ टक्के असा आकडा आहे. बाबा ७३ वर्षांचे आहेत, आई ६७ वर्षांची. ‘आमच्यामागे याचे काय’ हा प्रश्न आमच्या घरात कोणी आजारी पडले की निघतो आणि ते माणूस बरे झाले की पुन्हा कपाटात जातो, असे वीस वर्षे चालले होते. गेल्या वर्षी बाबा चार दिवस रुग्णालयात होते, तेव्हा मात्र घरी परतल्यावर त्यांनीच मला सांगितले की आता कोणा जाणकाराला पैसे देऊन नीट विचारू या. त्यानुसार दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबांसाठी आर्थिक नियोजन करून देणारी एक सेवा आम्ही घेतली. सेवेचे नाव येथे देत नाही. तिच्याबद्दलच्या माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि त्या तेथेच सुटाव्यात अशी माझी इच्छा आहे; पण अशा कोणत्याही सल्लागाराकडे जाणाऱ्या कुटुंबाला आमचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटल्याने हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे होते : व्हिडिओ कॉलवर सहा बैठका, त्यांच्या दरम्यान भरून द्यायचे तक्ते आणि शेवटी लेखी आराखडा, यासाठी २४,००० रुपये; त्यानंतर दरवर्षी एक आढावा, त्याचे ५,००० रुपये; मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त करून देणाऱ्या वकिलाची फी वेगळी. सल्लागार सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणीकृत आहेत, हे मी पैसे भरण्यापूर्वी सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत पाहून घेतले. २०१३ च्या नियमांनुसार असा सल्लागार ज्या ग्राहकाकडून सल्ल्याची फी घेतो त्याच ग्राहकाला माल विकून कमिशन घेऊ शकत नाही, एवढे मला माहीत होते आणि तेच माझ्या निवडीचे मुख्य कारण होते.

पहिल्या बैठकीत बाबा सगळी पासबुके, विम्याच्या पॉलिसी आणि घराच्या कागदांची फाईल मांडून बसले होते. सल्लागार बाईंनी त्यातले एकही पान उघडायला सांगितले नाही. त्यांनी आम्हाला एक कोरा तक्ता पाठवला : दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ चौकोन, असे सात दिवस, म्हणजे एकूण ३३६. भावाशी संबंधित कोणतेही काम ज्या चौकोनात झाले असेल, तेथे काम काय, ते कोणी केले आणि तो ते स्वतः किती करू शकतो, अशा तीन नोंदी करायच्या. बाबांना हे मुळीच पटले नाही. ‘पैशाचे विचारायला आलो आणि या घड्याळ लावायला सांगतात,’ असे ते फोन ठेवल्यावर म्हणाले, आणि खरे सांगायचे तर मलाही तेव्हा ते वेळकाढूपणाचेच वाटले होते. तक्ता भरण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःचा अंदाज लिहून द्यायचा होता. आईने भावासाठी रोज दोन-अडीच तास जात असतील असे लिहिले. मी, जी वेगळी राहते, आठवड्याला सात-आठ तास असे लिहिले.

आठवडा संपल्यावर आईचे रोजचे साडेपाच तास निघाले, बाबांचे दोन, आणि माझे आठवड्याचे चार. माझ्या आकड्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही. आईचा आकडा पाहून मात्र घरातले सगळे गप्प झाले, कारण तिने ज्याला काम मानलेच नव्हते ते सगळे चौकोनांत उतरले होते : त्याच्या पाण्याच्या बाटलीत पाणी भरून समोर ठेवणे, तो जिन्यावरून उतरताना मागे उभे राहणे, औषध घेतले का हे दोनदा पाहणे, दुपारी तो झोपला तरी स्वतः न झोपता पडून राहणे. या सेवेच्या जमेच्या बाजूला मला जे काही लिहायचे आहे त्यातले निम्मे या एका तक्त्यात आहे. आईवडिलांच्या पश्चात जे विकत घ्यावे लागणार आहे, ते बहुतांशी हे तासच आहेत. ते मोजल्याशिवाय किती रक्कम हवी हे कोणीही सांगू शकत नाही, आणि जो सल्लागार न मोजता सांगतो तो अंदाजपंचे बोलत असतो.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी सकाळी साडेसात ते आठ या चौकोनावर बोट ठेवले. तेथे आईने ‘कपडे, बटणे, केस’ असे लिहिले होते आणि पुढे ‘मी’. त्यांनी विचारले, “काकू, बटणे तो स्वतः लावू शकतो का?” आई म्हणाली, “लावतो हो, पण वेळ लागतो. कुकर लावलेला असतो, मी आपली पटकन लावून टाकते.” त्यांनी विचारले, “किती वेळ लागतो?” याचे उत्तर घरात कोणाकडेच नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबांनी घड्याळ लावून पाहिले. शर्टाच्या सहा बटणांना अकरा मिनिटे लागली. तीन आठवडे रोज त्याला तेवढा वेळ दिला, म्हणजे त्याला वीस मिनिटे आधी उठवले आणि आईला त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर यायला मनाई केली, तेव्हा बटणांचा वेळ सात मिनिटांवर आला आणि केस विंचरण्यापर्यंत सगळे तो एकट्याने करू लागला.

यानंतर त्यांनी जो हिशेब दाखवला तो मी जसाच्या तसा देते. मदतनिसाचा दर आम्ही तासाला १०० रुपये धरला होता. रोजचा अर्धा तास म्हणजे महिन्याचे १५ तास, म्हणजे १,५०० रुपये. भाऊ ४० वर्षांचा झाल्यापासून ७५ वर्षांपर्यंत ३५ वर्षे बाहेरची मदत लागेल असे धरले, तर आजच्या रुपयांत त्या एका चौकोनाचे ६ लाख ३० हजार रुपये होतात. बाबांनी तो आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यानंतर तक्त्याबद्दल त्यांची तक्रार राहिली नाही. उलट भाजी निवडणे, चादर घालणे, गॅस बंद आहे का पाहणे या कामांत भाऊ कोठपर्यंत जाऊ शकतो याचा शोध घेण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आणि अजून ते चालू आहे.

सेवेबरोबर एक घड्याळही येते. त्यात काटे नसून लाल रंगाची चकती असते; जेवढी मिनिटे लावाल तेवढा भाग लाल दिसतो आणि वेळ सरेल तसा तो कमी होत जातो. ज्याला ‘दहा मिनिटे’ या शब्दांचा अर्थ लागत नाही त्याला लाल रंग संपत आलेला दिसतो, ही कल्पना उत्तम आहे. आमच्याकडे मात्र तिचा उपयोग झाला नाही, कारण त्या घड्याळाची टिकटिक भावाला सहन होईना. तो ते उशीखाली ठेवी आणि मग उशीवर बसे. आम्ही शेवटी वाळूचे घड्याळ आणले, त्याचा आवाज होत नाही. सेवेने घड्याळ परत घेतले, पण त्याचे पैसे काही दिले नाहीत. रक्कम लहान असल्याने मी पाठपुरावा केला नाही.

तासांचा हिशेब पूर्ण झाल्यावर पैशांचा हिशेब सोपा झाला. आई आणि बाबा यांचे मिळून रोजचे साडेसात तास होते. त्यातून भाऊ स्वतः करू शकेल अशी आणि एकाच वेळी होणारी कामे वजा केल्यावर विकत घ्यावे लागतील असे साडेचार तास उरले, म्हणजे महिन्याला १३,५०० रुपये. जेवण, औषधे, कपडे, वीज, प्रवास आणि दिवसा तो जेथे जातो त्या कार्यशाळेचे शुल्क मिळून १६,५०० रुपये. एकूण ३०,००० पैकी ८,००० रुपये बाबांच्या एका जागेच्या भाड्यातून येतील, म्हणून महिन्याची तूट २२,००० आणि वर्षाची २ लाख ६४ हजार.

येथे माझा आणि सल्लागारांचा पहिला मतभेद झाला. त्यांच्या आराखड्यात महागाई वजा जाता गुंतवणुकीवर दरवर्षी ३ टक्के परतावा मिळेल असे धरले होते, आणि त्या आधारे ३५ वर्षांसाठी सुमारे ५७ लाख रुपयांची ठेव पुरेशी ठरत होती. कर भरून आणि महागाई वजा करून सुरक्षित साधनांतून ३५ वर्षे सलग ३ टक्के मिळवणे मला अवघड वाटते, आणि हा पैसा ज्याच्यासाठी आहे तो बाजार पडल्यावर खर्च कमी करू शकणारा माणूस नाही. मी त्यांना तेच गणित १ टक्क्याने करायला सांगितले; तेव्हा आकडा ७८ लाखांच्या जवळ गेला. शून्य टक्के धरले तर तो ९२ लाख ४० हजार होतो, त्यासाठी सल्लागाराची गरज नाही, नुसता गुणाकार पुरतो. ज्या एका गृहीतकामुळे उत्तर २१ लाखांनी बदलते ते गृहीतक आराखड्याच्या चौदाव्या पानावर बारीक अक्षरात असणे ही मी या सेवेची मोठी उणीव मानते. त्यांनी ते मान्य करून आम्हाला तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडलेला नवा तक्ता दिला, पण तो मागावा लागला.

तिसरी बैठक मात्र मी विसरणार नाही. बाबांचा बेत पहिल्यापासून ठरलेला होता : सगळे माझ्या नावावर करायचे, ‘ती बघेलच त्याला’. त्यांनी तसे सांगितले. सल्लागार बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, “काका, ताई त्याच्या आधी गेल्या तर?” बाबांनी माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे उत्तर नव्हते. बाईंनी ते फार न ताणता समजावून सांगितले की मला दिलेली मालमत्ता कायद्याने माझीच होते; माझ्यामागे ती माझ्या वारसांकडे जाते, माझ्यावर कर्ज झाले तर ते त्यातून वसूल होऊ शकते, आणि माझ्या मनातल्या हेतूला तेथे कोणी विचारत नाही. मी भावाला अंतर देईन का, हा प्रश्नच नव्हता. मी माणूस आहे आणि माणूस मरतो, एवढाच मुद्दा होता. मला त्यात अपमान वाटला नाही, उलट हलके वाटले. वीस वर्षे ही जबाबदारी एखाद्या न लिहिलेल्या करारासारखी माझ्यावर होती आणि ती लिहून काढण्याचे कोणी प्रथमच सुचवत होते.

त्यावरचा उपाय म्हणून त्यांनी मृत्युपत्राद्वारे ट्रस्ट करण्याचा पर्याय मांडला. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली कुटुंबातील एका व्यक्तीच्या हितासाठी खासगी ट्रस्ट करता येतो. त्याची मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असली तरी ती लाभार्थ्यासाठीच वापरावी लागते आणि विश्वस्ताच्या वारसांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. लाभार्थ्याला किती द्यायचे हे विश्वस्तांवर सोडलेले असेल, तर अशा ट्रस्टवर सामान्यतः कमाल दराने कर लागतो. पण आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठीच मृत्युपत्राने केलेला, आणि त्या व्यक्तीने मृत्युपत्राने केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल तर १९६१ च्या आयकर कायद्यात त्याला या कमाल दरातून सूट होती. ‘एकमेव’ या शब्दाकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधले. विश्वस्त म्हणून मी, माझी आतेबहीण आणि एक सनदी लेखापाल अशी तीन नावे ठरली. भावाचा पालक आणि त्याच्या पैशाचा विश्वस्त या दोन जागा शक्यतो एकाच माणसाकडे असू नयेत, म्हणजे एकाने केलेला खर्च दुसऱ्याला दिसतो, हा त्यांचा सल्ला मला व्यवहारी वाटला.

पालकत्वाबद्दल आमचे अज्ञान मोठे होते. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे वीस वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे आणि त्याखाली जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती पालकाची नेमणूक करते. नेमणुकीनंतर पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा असतो. बाबांच्या मुदत ठेवींवर नामनिर्देशन भावाचे होते, आणि त्यांच्या मते तेवढ्याने काम झाले होते. प्रत्यक्षात भावाच्या नावाचे खातेच नव्हते आणि त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार घरात कोणालाच नव्हता, म्हणजे ती रक्कम त्याच्या नावे मिळूनही त्याच्या हाती लागली नसती. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. स्थानिक स्तर समितीचे पालकत्व प्रमाणपत्र बँकेत खाते उघडण्यासाठी चालते, तेव्हा आम्ही आधी तो अर्ज केला आणि मग ठेवींकडे वळलो.

एका गोष्टीसाठी मी या बाईंना मनापासून गुण देते. आधीच्या बैठकांत त्याही आमच्यासारख्याच भावाविषयी त्याच्या देखत बोलत होत्या. चौथ्या बैठकीत मात्र त्यांनी त्याला पडद्यासमोर बसवून विचारले की तुझे पैसे असतील तर तुला काय हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली आहे, म्हणजे पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचा, हे त्यांनी आम्हाला आधी सांगितले होते; पण सांगणे आणि करणे यांत फरक असतो. भावाने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, “कपाटाची किल्ली.” त्याच्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली आईकडे असते, हे आमच्यापैकी कोणालाही कधी खटकले नव्हते. किल्ली आता त्याच्या गळ्यात असते. आराखड्याच्या शेवटी जोडलेल्या ‘काळजीवही’त हे पहिले वाक्य आहे. त्याच वहीत त्याची दाढी करताना यंत्र डाव्या कानाजवळ नेऊ नये, अनोळखी माणसाने आधी त्याच्या शेजारी बसावे आणि मग बोलावे, झोपेतून दचकून उठल्यास दिवा लावू नये, अशा बारीकसारीक सूचना आईने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या आहेत. ३४ पाने झाली आणि ती अजून लिहीत आहे.

करसवलती आणि योजना यांवर एक बैठक झाली, ती माहितीपूर्ण असली तरी घाईची होती. आम्ही आराखडा केला त्या वेळच्या कायद्यात ८० डीडी कलमाखाली अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट होती. ती भावंडालाही घेता येते, पण नव्या करपद्धतीत मिळत नाही, आणि मी नवी पद्धत निवडून बसले होते हे तेव्हा कळले. याच कलमाखालच्या विमा योजनांतून पूर्वी आईवडिलांच्या मृत्यूनंतरच पैसे मिळत; हा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि २०२२ च्या वित्त कायद्याने आईवडील ६० वर्षांचे झाल्यावर त्यांच्या हयातीतही रक्कम सुरू होण्याची मुभा दिली. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. रक्कम मोठी नाही, पण खासगी विमा कंपन्या ज्याला दारातूनच परत पाठवतात त्याच्यासाठी ती नगण्यही नाही. भावाचे नाव त्यात घातले.

त्याच बैठकीत त्यांची सर्वांत गंभीर चूक झाली, आणि ती त्यांच्या नव्हे तर बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या लक्षात आली. बाबा खासगी कंपनीतून निवृत्त झाले असून त्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची पेन्शन मिळते. या योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर मुलांना २५ वर्षांपर्यंत पेन्शन मिळते, पण मूल कायमचे आणि पूर्णतः दिव्यांग असेल तर वयाची ही अट लागत नाही. सल्लागारांनी बाबांची पेन्शन ‘मृत्यूनंतर आईला निम्मी, त्यानंतर शून्य’ अशी मांडली होती. भावाचे ७५ टक्क्यांचे प्रमाणपत्र ‘कायमचे आणि पूर्णतः’ या कसोटीला उतरेल की नाही हे पाहण्यासाठी वैद्यकीय कागद जमवणे सध्या सुरू आहे, आणि रक्कम फार मोठी नसेल. पण दिव्यांग व्यक्तीच्या नियोजनातच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नसावा, हे मला समजले नाही. मी लिहिल्यावर त्यांनी प्रश्नावली बदलल्याचे कळवले.

दुसरी तक्रार याहून कडवट आहे. पाचव्या बैठकीनंतर दोन दिवसांनी आईला एका विमा एजंटाचा फोन आला. त्याला भावाचे वय, दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि आमची ठेवीची अंदाजे रक्कम माहीत होती. आईने सरळपणे त्याच्याशी अर्धा तास बोलणे केले आणि संध्याकाळी मला विचारले की आपण पॉलिसी घेतो आहोत का. मी त्याच रात्री सेवेला लेखी जाब विचारला. त्यांच्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने आमची माहिती संमतीशिवाय पुढे दिल्याचे त्यांनी तीन दिवसांनी मान्य केले, माफी मागितली आणि पहिल्या वार्षिक आढाव्याची फी माफ केली. त्यांनी लपवाछपवी केली नाही, याची मी नोंद घेते. तरीही घरातल्या सर्वांत असुरक्षित माणसाची माहिती ज्यांच्या हाती दिली त्यांच्याकडून हे होणे साधी गोष्ट नाही. सेवा घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ‘आमची माहिती कोणालाही द्यायची नाही’ असे लेखी घ्यावे. आम्ही घेतले नव्हते.

उरली गोष्ट वेळेची. आम्हाला अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब ठेवायला लावणाऱ्या या सेवेच्या स्वतःच्या बैठका दीड तासाच्या ठरून सव्वादोन तास चालत. त्या नेहमी संध्याकाळी सहाला असत, आणि आमच्या तक्त्यातला सर्वांत गजबजलेला भाग सहा ते आठ हाच आहे : भावाची कार्यशाळेतून परतण्याची वेळ, हातपाय धुणे, फिरणे, जेवण. त्यांच्याच हातात हा तक्ता असताना हे त्यांच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या बैठकीच्या दिवशी भाऊ बूट घालून दाराशी पाऊण तास उभा होता.

एक कागद मात्र या सेवेने असा दिला की तो आमच्या फ्रिजवर कायमचा लागला आहे. वर्षातील प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात करायचे एकच काम त्यावर लिहिले आहे : निरामयचे नूतनीकरण, पालक म्हणून द्यायचा वार्षिक जमाखर्च, बाबांच्या पेन्शनसाठी दरवर्षीचा हयातीचा दाखला, यूडीआयडी कार्डावरील (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरील) तपशील पाहणे, काळजीवही वाचून बदल करणे, विश्वस्तांना एकदा घरी जेवायला बोलावणे. शेवटचे काम वाचून मला हसू आले होते. पण माझ्या आतेबहिणीने त्या जेवणाच्या दिवशी भावाबरोबर दोन तास काढले आणि निघताना काळजीवहीत स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, तेव्हा ते काम तेथे का आहे हे कळले.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन. मालमत्ता बरीच आणि दिव्यांग व्यक्ती अजून लहान असलेल्या कुटुंबाला ही सेवा मी बिचकत सुचवीन, कारण गुंतवणुकीच्या बाजूने ती कच्ची आहे. आईवडील सत्तरीत पोहोचलेल्या, घरात बोलणे न होणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला ती घ्यावी असे सांगेन, पण तासांचा तक्ता आधी स्वतः भरून मग जावे, त्याला २४,००० रुपये लागत नाहीत. आम्ही पुढचा आढावा त्यांच्याकडेच ठरवला आहे. वेळ सकाळी अकराची मागितली आहे, आणि सहा वाजता जमणार नाही असे त्यांना भावानेच फोनवर सांगितले.